झोपेची गोळी देण्याआधी आणि दिल्यानंतर: नव्या स्टाफ नर्ससाठी

नाईट ड्युटीला नवीन लागलेल्या सिस्टर-ब्रदरना रात्री अकराच्या सुमारास हमखास ऐकू येणारं वाक्य म्हणजे, "सिस्टर, आमच्या बाबांना झोपेचं काहीतरी द्या ना." मागणी कधी रुग्णाची असते, कधी नातेवाइकांची, कधी शेजारच्या बेडवरच्यांची. आणि स्पष्टच बोलायचं तर कधीकधी आपलीही असते. भरलेला वॉर्ड, ड्युटीवर दोघीच, त्यात एक आजोबा सलाईन ओढतायत. अशा वेळी "डॉक्टरांना फोन करून काहीतरी लिहून घेऊ या" हा विचार सुचणं साहजिक आहे. म्हणून पहिल्या रात्रीपासून स्वतःला एक प्रश्न विचारायची सवय लावून घ्या: हे औषध नेमकं कुणाच्या सोयीसाठी चाललंय?

औषध कोणतं आणि किती, हे डॉक्टर ठरवतात. तुमच्या रुग्णालयाचा प्रोटोकॉल असेल तर तोच पाळायचा. पण गोळी देण्याआधीची तपासणी आणि दिल्यानंतरची देखरेख हे पूर्णपणे आपलं काम आहे, आणि घोटाळे बहुतेक तिथेच होतात.

आधी बघा, झोप का येत नाहीये

डॉक्टरांना फोन करण्याआधी बेडपाशी जा. बोटाला पल्स ऑक्सिमीटर लावा. अस्वस्थपणा, उठून बसणं, मास्क काढून टाकणं ही ऑक्सिजन कमी पडत असल्याची सुरुवातीची लक्षणं असू शकतात. अशा रुग्णाला झोपेचं इंजेक्शन दिलं तर तो शांत होईल, पण त्याचा श्वास आणखी मंदावेल. मधुमेही असेल तर ग्लुकोमीटरने साखर बघा. ७० च्या खाली गेलेली साखर माणसाला घामाघूम आणि बेचैन करते, आणि ते बाहेरून "चिडचिड" म्हणून दिसतं.

मग ओटीपोटावर हात ठेवा. कॅथेटर असेल तर नळी कुठे दुमडली नाही ना, युरोबॅगमध्ये मागच्या तासांत काही जमलंय का, ते पाहा. प्रोस्टेटचा त्रास असलेल्या आजोबांची रात्रभराची तडफड पुष्कळदा तुंबलेल्या लघवीची असते आणि नळी मोकळी केली की ते गाढ झोपतात. तशीच वेदना. ऑपरेशननंतरच्या रुग्णाला वेदनाशामकाची वेळ टळलेली असताना झोपेची गोळी देणं म्हणजे वेदना तशीच ठेवून तोंड बंद करणं.

औषधांचा चार्टही चाळा. झोप उडवणाऱ्या स्टेरॉइडचा, म्हणजे डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोनचा, डोस रात्री आठला चाललाय का? लघवी वाढवणारं लॅसिक्स संध्याकाळी दिलंय का? मग रात्री चार वेळा लघवीला उठावं लागणारच. दम्यासाठीचं डेरिफायलिन आणि साल्ब्युटामॉलचं नेब्युलायझेशन (वाफेसारखं श्वासातून दिलेलं औषध) यांनी छातीत धडधड होते, झोप उडते. अशा वेळी नवं औषध मागण्यापेक्षा सकाळच्या राउंडला "सर, ह्याची वेळ बदलता येईल का?" असं विचारा. नव्या नर्सने असं विचारू नये असा कुठलाही नियम नाही.

राहिला वॉर्ड. डोक्यावरची ट्यूबलाइट, ट्रॉलीचं करकरणारं चाक, मध्यरात्री टीपीआरसाठी (ताप, नाडी, श्वास मोजायला) उठवणं, डास. स्थिर रुग्णाच्या नोंदी आणि इंजेक्शनं एकाच फेरीत उरकता आली तर निम्म्या एसओएस (गरज पडली तरच द्यायच्या) गोळ्या लागणारच नाहीत असं माझं मत आहे. त्यावर वाद घालणाऱ्या सिनिअर तुम्हाला भेटतील. घालू द्या.

तिसऱ्या रात्रीचा रुग्ण

हा प्रकार आपल्याकडच्या ऑर्थो आणि सर्जरी वॉर्डात इतका दिसतो की त्याबद्दल वेगळं लिहायलाच हवं. मांडीचं हाड मोडून दाखल झालेला पन्नाशीतला माणूस पहिल्या दिवशी व्यवस्थित बोलतो. दुसऱ्या रात्री त्याचे हात थरथरतात, घाम येतो, झोप लागत नाही. तिसऱ्या रात्री तो भिंतीवर मुंग्या दिसतायत म्हणतो, सलाईन उपटतो, आपण घरी आहोत असं समजून बायकोला हाका मारतो. नाडी १२० च्या पुढे. वॉर्डात कुणीतरी म्हणतं, "नाटकं करतोय."

नाटकं नव्हेत. रोज पिणाऱ्याची दारू एकाएकी सुटली की साधारण ६ ते २४ तासांत कंप आणि घाम सुरू होतो, आणि ४८ ते ९६ तासांच्या दरम्यान भ्रम व तापासह गंभीर अवस्था येऊ शकते. मध्ये फिटही येऊ शकते. यात जीव जाऊ शकतो. इथे लोराझेपाम किंवा क्लोरडायझेपॉक्साइड ही गुंगीची औषधंच खरा उपचार असतात, आणि ती वेळेवर व पुरेशा डोसमध्ये मिळायला हवीत. यकृत खराब असेल तर डॉक्टर बहुधा लोराझेपाम निवडतात. थायमिन (बी-१ जीवनसत्त्व) लिहिलंय का ते बघा. ते ग्लुकोजच्या सलाईनच्या आधी किंवा निदान सोबत तरी जायला हवं. मात्र साखर खरोखर कमी झाली असेल तर थायमिनसाठी ग्लुकोज अडवून ठेवायचं नाही.

म्हणून दाखल करतानाच विचारा, आणि सासूबाई समोर असताना विचारू नका. "दारू पिता का?" ह्याला उत्तर "नाही" येतं. "शेवटची कधी घेतली होती?" असं सहज विचारलं की बहुतेक जण खरं सांगतात.

वयस्कर रुग्ण दारू न पिताही रात्री भ्रमिष्टासारखा वागू लागला तर ते डिलिरियम असू शकतं, आणि त्यामागे जंतुसंसर्ग, सोडियमचा बिघाड, बद्धकोष्ठ, नवं औषध असं काहीही असू शकतं. त्यात डायझेपामच्या जातीची औषधं (लोराझेपाम, अल्प्राझोलाम वगैरे) दिली तर गोंधळ बहुतेकदा वाढतो. आणि गोंधळलेला प्रत्येक जण आरडाओरडा करतोच असं नाही. काल गप्पा मारणाऱ्या आजी आज नुसत्या छताकडे बघत पडल्या असतील तर तेही डिलिरियम असू शकतं. त्यांचा कुणाला त्रास नसतो, म्हणून त्या नजरेतून सुटतात.

घरून आलेली प्लास्टिकची पिशवी

रुग्णाच्या उशाशी गोळ्यांची पिशवी असते. ती उघडून प्रत्येक स्ट्रिप बघा. "झोपेची गोळी घेता का?" ह्याला नकार मिळेल, कारण घरात तिला "टेन्शनची गोळी", "डोकं शांत करायची गोळी", नाहीतर सरळ "बीपीची गोळी" म्हणतात. क्लोनाझेपाम आपल्याकडे एस्सिटालोप्राम किंवा प्रोप्रानोलॉलबरोबर एकाच गोळीत येतं. एटिझोलामही प्रोप्रानोलॉलबरोबर येतं. नावावरून काही कळत नाही, मागची बारीक अक्षरं वाचावी लागतात.

ह्याने दोन गोष्टी टळतात. एक, घरची गोळी नातेवाईक गुपचूप देतायत आणि वर आपली, असा दुप्पट डोस. दोन, त्याच्या उलट. वर्षानुवर्षं रोज अल्प्राझोलाम घेणाऱ्या माणसाची गोळी दाखल झाल्यावर चार्टवर चढवायचीच राहून जाते आणि दोन-तीन दिवसांनी त्याला कंप सुटतो, फिट येते. ही औषधं एकदम बंद करायची नसतात.

ह्याच वेळी पुढच्या गोष्टी विचारून केस पेपरवर लिहा: झोपेत मोठ्याने घोरणं आणि मध्येच श्वास थांबणं, दमा किंवा सीओपीडी (फुप्फुसांचा जुनाट आजार), यकृताचा आजार, गरोदरपण, अलीकडे कधी पडणं झालंय का. सिऱ्हॉसिसचा रुग्ण दिवसा झोपतो आणि रात्री जागतो ही निद्रानाशाची तक्रार समजू नका. ती यकृतामुळे मेंदूवर परिणाम होत असल्याची खूण असू शकते, आणि झोपेच्या गोळीने तो थेट बेशुद्धीत जाऊ शकतो. सीओपीडीच्या रुग्णाला सकाळी डोकेदुखी आणि सुस्ती असेल तर कार्बन डायऑक्साइड साठतोय का, हे डॉक्टरांच्या कानावर घाला.

सोबतची औषधंही पाहा. ट्रामाडॉल, मॉर्फिन, कोडीनचं खोकल्याचं औषध, प्रीगॅबालिन, आणि एव्हिल, फेनरगन ही गुंगी आणणारी ॲलर्जीची औषधं. अफूजन्य वेदनाशामक आणि झोपेचं औषध एकत्र आलं की श्वास बंद पडण्याचा धोका कितीतरी वाढतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१६ साली ह्या जोडीवर आपला सर्वांत कडक इशारा छापायला लावला. कॅन्सरच्या रुग्णाचा सदरा वर करून पाठ आणि दंड बघा. फेंटानिलचा पॅच त्वचेवर पारदर्शक चिकटपट्टीसारखा असतो, चार्टवर नसला तरी अंगावर असू शकतो.

ऑर्डर वाचताना

"एसओएस" एवढंच लिहिलेली ऑर्डर अपुरी आहे. कशासाठी, किती, किती तासांनी पुन्हा देता येईल आणि २४ तासांत जास्तीत जास्त किती, हे विचारून लिहून घ्या. फोनवरची ऑर्डर असेल तर लिहा, वाचून दाखवा, "बरोबर" असं ऐका आणि रुग्णालयाच्या नियमाप्रमाणे वेळेत सही घ्या. टिंबाकडे डोळ्यांत तेल घालून बघा: ०.५ मधलं टिंब पुसट असलं तर तो ५ होतो. क्लोनाझेपाम, क्लोनिडिन आणि क्लोझापिन ही तिन्ही पूर्ण वेगळी औषधं आहेत आणि घाईच्या अक्षरात तिन्ही सारखीच दिसतात.

औषध शरीरात किती वेळ टिकतं ह्याचा अंदाज असू द्या. झोल्पिडेमचं अर्धायुष्य (रक्तातलं औषध निम्मं व्हायला लागणारा वेळ) साधारण अडीच तास, लोराझेपामचं १० ते २० तास. डायझेपामचं २० ते ५० तास आणि त्यापासून शरीरात बनणारं द्रव्य त्याहूनही जास्त टिकतं, म्हणून म्हाताऱ्या माणसात रोजचा डोस साठत जातो. चौथ्या दिवशी "आजोबा सारखे झोपेत असतात" अशी तक्रार आली तर हेच कारण असू शकतं. ६५ वर्षांवरच्या लोकांना ही औषधं शक्यतो टाळावीत, असं अमेरिकेतल्या वृद्धचिकित्सकांच्या बीअर्स यादीत आहे. आपल्याकडेही पडून खुबा मोडणाऱ्यांची संख्या पाहता ते पटण्यासारखं आहे.

गोळी देताना

आधी लघवीला नेऊन आणा. मग दात घासणं, कवळी काढणं, फोनवर बोलणं, सगळं उरकू द्या. झोल्पिडेम तर माणूस गादीवर आडवा व्हायच्या तयारीत असतानाच द्यायचं, आणि पुढे सात-आठ तास झोप मिळणार असेल तरच. रात्री दोनला दिलेल्या गोळीची गुंगी सकाळी बाथरूमला जाताना उतरलेली नसते. झोल्पिडेम घेतलेला माणूस झोपेत चालू शकतो, जेवू शकतो, आणि सकाळी त्याला ह्यातलं काही आठवत नाही. असं झालं तर पुढचा डोस देऊ नका, डॉक्टरांना कळवा. हळूहळू विरघळणारी गोळी राइल्स ट्यूबसाठी (नाकातून पोटात घातलेल्या नळीसाठी) कुटायची नाही.

गोळी हातात देऊन पुढच्या बेडकडे वळू नका. पाणी पिऊन गिळेपर्यंत उभे राहा, थोडं बोलतं करा. नैराश्याचा रुग्ण गोळी गालात दडवून उशीखाली साठवत असेल तर ते ह्याच क्षणी कळतं.

मग बेडचे कठडे वर, चाकांचं लॉक, बेल हाताशी, चपला समोर. जमिनीवर चटई टाकून झोपलेल्या नातेवाइकाला हलवून सांगा, "काका उठायला लागले तर मला हाक मारा, एकट्याने नेऊ नका." अर्ध्या तासाने रुग्णाने "झोप नाही आली, अजून एक द्या" म्हटलं तरी दुसरी गोळी आपल्या मनाने द्यायची नाही.

इंजेक्शन असेल तर

सिरिंज भरण्याआधी ऑक्सिजन, चालू सक्शन, बरोबर मापाचा मास्क लावलेली अम्बू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी) आणि मॉनिटर हाताशी आहे का ते बघा. "ट्रॉली ओपीडीत आहे" असं उत्तर आलं तर इंजेक्शन थांबवा आणि ट्रॉली मागवा.

मिडाझोलाम १ मिलीग्रॅम प्रति मिली आणि ५ मिलीग्रॅम प्रति मिली अशा दोन ताकदींत मिळतं. "एक मिली दे" असं तोंडी सांगितलं आणि हातात दुसरी बाटली आली तर डोस पाचपट गेला. म्हणून मिलीत बोलू नका, मिलीग्रॅममध्ये बोला, आणि भरलेल्या सिरिंजवर नाव व ताकद लिहा. थोडं द्यायचं, किमान दोन मिनिटं थांबायचं, परिणाम बघायचा, मग पुढचं. म्हाताऱ्यांमध्ये आणखी थांबायचं.

डायझेपाम शिरेतून मिनिटाला ५ मिलीग्रॅमपेक्षा वेगाने द्यायचं नाही, मोठी शीर निवडायची आणि दुसऱ्या औषधात मिसळायचं नाही. सलाईनमध्ये टाकलं की ते गढूळ होऊ शकतं. स्नायूत दिलं तर किती आणि कधी शोषलं जाईल ह्याचा भरवसा नसतो. लोराझेपामची अँप्यूल फ्रिजमध्ये ठेवतात. शिरेतून देताना ती सम प्रमाणात पातळ करून मिनिटाला २ मिलीग्रॅमच्या आतच. फेनरगन शिरेबाहेर गेलं तर ऊतक सडू शकतं, म्हणून ते खोल स्नायूत देणंच बरं.

दिल्यानंतर

श्वास मोजा. चार्टवर रांगेने "२०, २०, २०" लिहिण्याची वाईट चाल अनेक ठिकाणी आहे, ती उचलू नका. छातीवर हात ठेवून पूर्ण एक मिनिट मोजा. शिरेतून औषध दिलं असेल तर सुरुवातीला दर ५ मिनिटांनी, स्थिर झाल्यावर दर १५ मिनिटांनी श्वास, नाडी, बीपी, ऑक्सिजन आणि शुद्ध बघा. साध्या गोळीनंतर तासाभराने एकदा आणि मग प्रत्येक फेरीला.

ऑक्सिमीटर इथे फसवतो. ऑक्सिजन चालू असलेल्या रुग्णाचा आकडा ९८ दिसतो आणि श्वास मिनिटाला ७ असतो. आकडा खाली येईपर्यंत उशीर झालेला असतो. तसंच घोरणं. नातेवाईक खूश होऊन सांगतात, "आता कसे मस्त घोरतायत!" गुंगीच्या औषधानंतर नव्याने सुरू झालेलं घोरणं म्हणजे जीभ मागे पडून श्वासमार्ग अडणं. कुशीवर वळवा, हनुवटी उचला, बदल पडतो का बघा.

जागं करून बघायचं की झोपू द्यायचं, हा नेहमीचा पेच. साध्या गोळीवर नियमित श्वास घेणाऱ्या, हात लावल्यावर कूस बदलणाऱ्या रुग्णाला उठवू नका. इंजेक्शन झालंय, घोरणं आहे किंवा सोबत अफूजन्य औषध आहे, तर हाक मारून उठवायलाच हवं. रॅस ही गुंगी मोजायची पट्टी आहे, तिच्यावर शून्य म्हणजे जागा व शांत. हाकेला डोळे उघडून दहा सेकंदांहून जास्त नजर ठेवली तर उणे १, त्याहून कमी तर उणे २, हालचाल होते पण नजर मिळत नाही तर उणे ३. हाकेला काहीच नाही, फक्त हलवल्यावर प्रतिसाद, म्हणजे उणे ४. वॉर्डातला रुग्ण उणे ३ ला गेला की तिथेच थांबा आणि डॉक्टरांना बोलवा.

श्वास १० च्या खाली गेला तरी बोलवा. ८ किंवा कमी असेल, ओठ निळसर असतील, हाकेला उत्तर नसेल तर ओरडून मदत मागा आणि बेड सोडू नका. डोकं मागे, हनुवटी वर, ऑक्सिजन, गरज असेल तर अम्बू बॅगने श्वास. औषधाचं इन्फ्युजन चालू असेल तर बंद करा. साखर बघा. डायझेपामच्या जातीच्या औषधांवर फ्लुमाझेनिल हा उतारा आहे, पण त्याचा परिणाम साधारण तासाभरात ओसरतो आणि रुग्ण पुन्हा गुंगीत जाऊ शकतो. वर्षानुवर्षं गोळ्या घेणाऱ्याला त्याने फिटही येऊ शकते, म्हणून ते डॉक्टर समोर असतानाच. अफूजन्य औषधांसाठी नॅलॉक्सोन. दोन्ही कुठल्या कपाटात आहेत ते ड्युटीवर आल्या आल्या बघून ठेवा. तोवर जीव वाचवते ती अम्बू बॅगच.

लहान मुलांना ईईजी किंवा स्कॅनआधी ट्रायक्लोफॉस सिरप देतात. डोस आजच्या वजनावर, आईने सांगितलेल्या वजनावर नाही. मूल थुंकलं तर परत तेवढंच पाजायचं नाही, विचारायचं. कारमध्ये आईच्या मांडीवर मान पुढे पडून झोपलेल्या मुलाचा श्वास अडू शकतो, म्हणून पूर्ण जागं झाल्याशिवाय सोडू नका.

आणि बांधून ठेवणं. मानसोपचार केंद्रांसाठी मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ स्पष्ट सांगतो की शिक्षा म्हणून किंवा कर्मचारी कमी आहेत म्हणून रुग्णाला बांधता येत नाही. जनरल वॉर्डात ह्याहून सैल वागायचं काहीच कारण नाही.

नोंद, कपाट आणि ओव्हर

"झोपेची गोळी दिली, रुग्ण झोपला" ही नोंद नव्हे. अशी लिहा: "रात्री १०.४० ला झोप न येण्याची तक्रार. वेदना नाही, लघवी झाली, ऑक्सिजन ९७, साखर १३२. ऑर्डरप्रमाणे लोराझेपाम १ मिलीग्रॅम तोंडाने. ११.४५ ला झोपलेले, श्वास १६, हाकेला डोळे उघडतात. कठडे वर, मुलाला सूचना दिली." सकाळी ओव्हर देताना, म्हणजे पुढच्या पाळीला रुग्ण सोपवताना, शेवटचा डोस किती वाजता झाला ते आवर्जून सांगा, कारण सात वाजता फिजिओथेरपिस्ट त्याच रुग्णाला चालवायला येणार असतो.

अल्प्राझोलाम, डायझेपाम, मिडाझोलाम, नायट्राझेपाम, झोल्पिडेम ही औषधं शेड्यूल एच-१ ह्या सरकारी यादीत आहेत, ती चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. मार्च २०१४ पासून दुकानदाराला त्यांची विक्री वेगळ्या रजिस्टरमध्ये नोंदवून ते तीन वर्षं जपावं लागतं. वॉर्डातही कपाटाला कुलूप, किल्ली ड्युटीवरच्या नर्सकडे, आणि प्रत्येक ओव्हरला दोघींनी मिळून मोजणी. उरलेलं अर्धं अँप्यूल टाकताना दुसऱ्या नर्सची सही घ्या. मोजणी जुळली नाही तर त्याच वेळी इन्चार्ज सिस्टरना सांगा, घरी जाऊन फोन करू नका.

डिस्चार्जच्या वेळी नातेवाइकाला बाजूला घेऊन सांगायच्या गोष्टी थोड्याच. स्ट्रिप आजोबांच्या उशाशी नको, तुमच्याकडे ठेवा, कारण अर्धवट झोपेत घेतलेली गोळी विसरून ते दुसरी घेतात. दारूबरोबर कधीही नको. सकाळी गुंगी वाटत असेल तर स्कूटर नको. मनाने वाढवू नका, मनाने बंद करू नका. शेजारणीला "ह्याने छान झोप लागते" म्हणून देऊ नका. उरलेल्या गोळ्या मेडिकलवाल्याला किंवा फॉलोअपला आमच्याकडे दाखवा. आणि झोप उडण्यामागे उदासी असेल, जगणं नको असं बोलणं येत असेल, तर गोळ्या कुलपात ठेवून टेलिमानस ह्या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ ह्या मोफत क्रमांकावर फोन करा. तिथे मराठीतही बोलता येतं.